झोपाळा आहे, गरम पाणी आहे का?

दिवाळीच्या सुट्टीसाठी कोकणात किंवा लोणावळ्यात घर शोधायला बसलं, की फोटोंत सगळीकडे तेच दिसतं: अंगणात झोपाळा, झाडांवर दिव्यांच्या माळा, जागा असेल तिथे छोटासा तरणतलाव. राहून आलेल्यांचे अभिप्राय वाचले, तर त्यांत झोपाळा क्वचितच येतो. लोक लिहितात ते वेगळंच. तिसऱ्या माणसाच्या अंघोळीपर्यंत गरम पाणी संपलं. अभ्र्यांना कुबट वास होता. वीज गेली आणि इन्व्हर्टरवर फक्त दिवे चालले, पंखा नाही.

हॉटेलात काही कमी पडलं तर खाली फोन करता येतो. भाड्याच्या घरात तो फोन नसतो. असलाच तर दोन वाड्या पलीकडे राहणारा केअरटेकर, आणि त्याच्यावर आणखी चार घरांचा भार. शिवाय हॉटेल कोणत्या दर्जाचं आहे याचा साधारण अंदाज आपल्याला असतो. घराच्या बाबतीत फोटो आणि दर एवढीच मोजपट्टी उरते. म्हणून दर जितका चढा, तितकी न सांगितलेल्या सोयींबद्दलची अपेक्षाही चढत जाते.

गरम पाण्याचंच बघा. पंधरा लिटरच्या गीझरमधून विसण घालून अंघोळीजोगं साधारण दोन बादल्या पाणी निघतं. पुन्हा टाकी तापायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. घर दहा जणांचं आणि न्हाणीघरं दोन असतील, तर सगळ्यांचं आटोपायला तास-दीड तास हवा. सकाळी आठला निघून हरिहरेश्वर गाठायचं असेल, तर भांडण ठरलेलंच. तरणतलावाला लाखो रुपये घालणाऱ्या मालकाने आधी मोठा गीझर किंवा सौर बंब बसवावा, असं मला ठामपणे वाटतं. आपल्याकडच्या सहलीत आजी-आजोबा असतात. त्यांना कमोड लागतो, त्याच्या शेजारी धरायला दांडी लागते, आणि झोपायची खोली तळमजल्यावर लागते. या गोष्टींचा फोटो कुणी टाकत नाही.

‘स्वयंपाकघर उपलब्ध’ या ओळीनेही पुष्कळांची फसगत होते. ओटा आणि शेगडी असते. पण सिलिंडर भरलेला आहे का, कुकर आहे का, सुरीला धार आहे का, मांसाहार शिजवलेला चालेल का, हे तिथे पोचल्यावर कळतं. समुद्रकाठी आणखी एक अपेक्षा असते, ताज्या सुरमईची. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामुळे तेव्हा ताज्या मासळीची चणचण असते आणि मिळाली तर ती महाग असते. हे फोनवरच सांगणाऱ्या घरमालकिणीवर पाहुणे चिडत नाहीत. उलट डाळिंबी उसळीवर खूश होऊन परततात.

आता पैशांचं. माणशी दर की पूर्ण घराचा दर, इथूनच गोंधळ सुरू होतो. समजा, शनिवारचं भाडं आठ जणांना वीस हजार सांगितलं. मग दोन जादा गाद्या, स्वयंपाकिणीची मजुरी, न्याहारी, सफाई आणि कर धरून आकडा तीसच्या घरात जातो. ग्राहकाला चढा आकडा बोचतो, पण तो असा हप्त्याहप्त्याने चढला की जास्त बोचतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार संकेतस्थळावर सक्तीच्या सगळ्या आकारांसह एकूण किंमत दाखवणं बंधनकारक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत शेवटच्या टप्प्यावर किंमत वाढवण्याचा प्रकार नावानिशी आहे. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

एकाच घराचे दोन दर का दिसतात, यालाही कारण आहे. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या घरमालकाला जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही. थेट फोनवर खोली ठरवली तर कर नाही; तीच संकेतस्थळावरून घेतली तर कर भरण्याची जबाबदारी त्या कंपनीवर येते. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर हा कर ५ टक्के आहे, त्याहून महाग खोलीवर १८. कंपनीचं कमिशन वेगळं.

मालकाची बाजूही ऐकायला हवी. सोमवार ते गुरुवार घर रिकामं, पावसाळ्यात महिनोन्‌महिने शुकशुकाट, आणि खारी हवा एसीच्या जाळीपासून दाराच्या कडीपर्यंत सगळं खात असते. वर्षभराचा हा खर्च शनिवारच्या भाड्यातून निघतो. एका रात्रीसाठी आलेल्या दहा जणांच्या चादरी धुवायला लागतात तेवढ्याच तीन रात्रींसाठीही लागतात. म्हणून दुसऱ्या रात्रीसाठी दर कमी करून मागणं रास्त आहे आणि एका रात्रीच्या दरात घासाघीस करणं तितकंसं रास्त नाही.

अभिप्राय देताना आपण शाळेतल्या कडक मास्तरांसारखे वागतो. ‘छान होतं’ म्हणून पाचपैकी चार तारे देतो. एअरबीएनबीवर वरच्या श्रेणीतला यजमान ठरायला मात्र सरासरी ४.८ लागते. चार तारे मिळाले की त्याची सरासरी खाली येते. घर वर्णनाप्रमाणे मिळालं असेल, तर पाच द्यावेत.

मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात कासव महोत्सवाच्या दिवसांत पर्यटक गावकऱ्यांच्या घरीच उतरतात. हॉटेलचा थाट तिथे नाही. ओळीने घातलेल्या गाद्या, सामाईक संडास, घरचं जेवण. घरट्यातून पिल्लं निघतीलच, याचीही हमी देता येत नाही. तरी लोक जातात, कारण काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे आधीच माहीत असतं. याच साध्या गोष्टीवर पुष्कळ महागडे बंगले नापास होतात.

घर ठरवताना न्हाणीघरं किती, वीज गेल्यावर काय काय चालतं, गाडी दारापर्यंत जाते का आणि सगळं धरून एकूण किती, हे लिहून मागा. आणि भाड्याची गाडी घेऊन जात असाल, तर ड्रायव्हर कुठे झोपणार तेही विचारा. पाहुणे विचारत नाहीत, मालक सांगत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी ताम्हिणी घाटातून गाडी चालवायची असलेला माणूस रात्रभर गाडीतच डास मारत बसतो. त्याला एक कॉट, पंखा आणि अंघोळीची सोय हवी, आणि ती घराच्या दरातच धरलेली हवी.