डर्क व्हॅन अर्प यांचे ताम्रदीप व त्यांवरील शिक्का

यंत्रांनीं काढलेल्या मालास विटून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांत हस्तकौशल्याच्या पुनरुज्जीवनाची जी चळवळ उद्भवली, ती 'आर्ट्स अँड क्राफ्ट्स' या नांवानें प्रसिद्ध आहे. विल्यम मॉरिस हे तिचे अग्रणी होत. पुढें ती अमेरिकेंत पसरली; तेथें या पंथाचे जे धातूचे दिवे निपजले, त्यांत सानफ्रान्सिस्को येथील डर्क व्हॅन अर्प यांच्या ताम्रदीपांस संग्राहक विशेष मान देतात.

व्हॅन अर्प यांचा जन्म १८६० सालीं हॉलंडांतील लेवार्डन येथें झाला. अमेरिकेंत आल्यावर मेअर आयलंडच्या आरमारी गोदींत ते तांबटकाम करीत. तोफांचीं झडलेलीं पितळी काडतुसें ठोकून फुलदाण्या घडवितां घडवितां त्यांचा हात बसला. १९०८ त त्यांनीं ओकलंड येथें दुकान घातलें व १९१० त तें सानफ्रान्सिस्कोस नेलें. दिव्याची बैठक तांब्याचा पत्रा ठोकून केलेली, हातोडीच्या खुणा मुद्दाम राखलेल्या, आणि वर तांब्याच्या पट्ट्यांत बसविलेली अभ्रकाची छत्री, अशी त्यांची साधारण रचना असते. अभ्रकांतून विजेचा प्रकाश मधाच्या रंगाचा होऊन येतो.

कालनिर्णयास बुडाचा शिक्का उपयोगी पडतो. त्यांत मायभूमीची खूण म्हणून पवनचक्की व तिच्या खालीं चौकटींत नांव असतें. १९१० त शिकागोच्या कलाशाळेंत शिकलेल्या डार्सी गॉ या बाई भागीदार झाल्या, तेव्हां दोघांचीं नांवें शिक्क्यांत आलीं. ही भागी सुमारें वर्षभरच टिकली. ती मोडल्यावर बाईंचें नांव शिक्क्यांतून काढून टाकण्यांत आलें. तरी कांहीं दिव्यांवर त्या अक्षरांचे अवशेष अद्यापि दिसतात. १९१५ च्या सुमारास शिक्क्यांत 'सानफ्रान्सिस्को' हें गांवाचें नांव वाढलें.

आमच्या मतें हे अवशेष केवळ कालदर्शक नव्हेत. व्हॅन अर्प हे तांबट, तर गॉबाई रचनाकार. दिव्यांचा सुविख्यात घाट निश्चित होण्यांत बाईंचा मोठा वांटा होता, असें अभ्यासक मानतात. तेव्हां एकट्या व्हॅन अर्प यांचें नांव असलेल्या पुढील दिव्यांतही बाईंची कल्पना नांदत असेल, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. शिवाय हॅरी डिक्सन, कन्या अगाथा व पुत्र विल्यम यांनींही त्या दुकानांत काम केलें, आणि १९३३ त व्हॅन अर्प वारल्यावर विल्यम यांनीं धंदा पुढें चालविला. सारांश, शिक्क्यावरून दुकान ठरतें, हात ठरत नाहीं. पत्रावरील मोर्तबावरून दफ्तर कळतें, पण मजकूर कोणीं रचिला व कोणत्या लेखकानें उतरला हें कळत नाहीं. तसाच हा प्रकार.

म्हणून संग्राहकांस आमची एवढीच सूचना कीं, असा दिवा हातीं आल्यास तो घांसून लख्ख करूं नये. घांसण्यानें तांब्याची जुनी कळा तर जातेच. पण पुसट झालेलें एखादें अक्षर, म्हणजे गॉबाईंच्या कर्तृत्वाची त्या वस्तूवरील एकुलती एक साक्षही, कायमची नष्ट होते.