ब्याण्णव फंदे

सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर... आणि नेमकी ह्याच वेळी आमच्या धाकट्याला तहान लागते. हा निव्वळ योगायोग नव्हे. आई टाके मोजू लागली की मुलांच्या पोटात, कानात किंवा गुडघ्यावर काहीतरी होतेच, असा माझा दोन मुलांच्या अनुभवावरून काढलेला सिद्धांत आहे. ब्याण्णव टाक्यांची सुई मी मध्ये न थांबता शेवटपर्यंत मोजली, असे ह्या हिवाळ्यात क्वचितच घडले असेल. लोकरीच्या गुंड्याची तर गोष्टच सोडा. सकाळी तो टोपलीत असतो. दुपारी त्याचे एक टोक पलंगाच्या पायाला, दुसरे शिवणयंत्राच्या चाकाला, आणि मधला भाग धाकट्याच्या तोंडात!

तरीही मी विणते. का, ते विचारू नये. हिवाळा लागला की आमच्या ग्वाल्हेरात तिबेटी विक्रेते लोकरी कपड्यांची दुकाने मांडतात. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला मेळा भरला की तिथेही स्वेटरांचे ढीग पडतात. तिथला तयार स्वेटर नुसत्या चांगल्या लोकरीच्या किमतीत येतो. आमच्या ह्यांनी हा हिशेब एकदा मला कागदावर मांडून दाखवला होता. त्या कागदाची घडी करून मी तिच्यावर लोकरीचा नवा गुंडा गुंडाळला.

पुण्या-साताऱ्याकडच्या नातेवाइकांना आमचे हे लोकरीचे वेड कळत नाही. त्यांचे एका गोधडीत भागते. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी दिली आणि तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. त्या फौजेच्या मागे जे कारकून, भिक्षुक आणि आचारी इकडे आले त्यांच्या गाठोड्यात घोंगडी असेल, बाराबंदी असेल; दोन सुयांवर विणलेला स्वेटर खासच नसेल. इथल्या पौषातल्या पहाटे पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, धुक्यात किल्लाच्या किल्ला नाहीसा होतो, आणि नळाखाली हात धरला की बोटे आपली आहेत की शेजाऱ्याची हे समजत नाही. अशा गावात राहायचे तर लोकरीशी सोयरीक करावीच लागते.

आमच्या घराने ती शेजारून केली. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आई म्हणतो, लष्करातल्याच. त्यांच्या माहेरच्या वाड्यासमोर फाळणीनंतर एक पंजाबी कुटुंब येऊन राहिले. त्या घरच्या बीजी सकाळी उन्हात खाट ओढून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलता बोलता, सुयांकडे ढुंकूनही न पाहता, दुपारपर्यंत वीतभर पाठ विणून काढीत. आईंना विद्या मिळाली ती त्या खाटेच्या पायथ्याशी बसून. म्हणून आमच्याकडे विणकामाची भाषा निम्मी हिंदी आहे. पुस्तकात सुया आणि टाके असतात. आमच्या घरात सलाया आणि फंदे. फक्त आकडे मराठी. 'बानवे' म्हटलेले आईंना मुळीच खपत नाही, 'ब्याण्णव' म्हटले पाहिजे. परमुलखातल्या आमच्या मराठीचा बाणा हा असा आकड्यांवर येऊन राहिला आहे.

१९६२ साली चीनशी लढाई जुंपली तेव्हा देशभरच्या बायका जवानांसाठी विणायला बसल्या. आई तेव्हा तेरा वर्षांच्या. शाळेत शिवणाच्या तासाला मुलींना लोकर वाटली गेली, आणि ह्यांच्या वाट्याला मोजे आले. मोज्याचे पाऊल आणि नळी कोणालाही येते. खरी परीक्षा टाचेची. तिथे नळी काटकोनात वळवायची असते. अर्ध्याच टाक्यांवर पुढेमागे जायचे, दर सुईला थोडे अलीकडूनच परतायचे, मग सोडलेले टाके उचलीत यायचे. आईंची टाच वळेना. तीनदा उसवली. चौथ्या खेपेला बीजींनी वळवून घेतली, तोवर नोव्हेंबर सरत आला होता आणि लढाई थांबलीही होती. आता कशाला विणायचे, म्हणून आईंनी सुया खाली ठेवल्या, तेव्हा बीजी म्हणाल्या, "जंग रुकी है बेटी, ठंड थोड़े ही रुकी है." मोजे पुरे झाले आणि गेले. कोणाच्या पायात गेले ह्याचा विचार आई अजून थंडीत कधीतरी बोलून दाखवतात.

ह्या शिक्षणावर त्यांनी पुढे सगळे घर पांघरले. नात्यातल्या प्रत्येक बाळंतविड्यात त्यांचे टोपडे आणि पायमोजे असत. आणि नानांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, तो काळपट लाल स्वेटर तर अख्ख्या गल्लीला ठाऊक. नाना गाण्याचे वेडे. डिसेंबरात तानसेन समारोहाला दोघे जात. तानसेनाच्या समाधीजवळच्या त्या मांडवात रात्र चढत जाई. नानांच्या मांडीवर ताल आणि आईंच्या मांडीवर लोकर. आईंचे म्हणणे असे की, विलंबित ख्यालात पाठ झपाट्याने चढते. द्रुत सुरू झाली की बोटे तिच्या मागे धावतात आणि फंदे सुटतात. तराण्याला त्या सुया सरळ पिशवीतच घालीत. तो लाल स्वेटर अशा दोन समारोहांत मिळून झाला. नाना थट्टेने म्हणत, "ह्याची पाठ ग्वाल्हेर घराण्याची आहे, बाह्या कुठल्या ते विचारू नका."

नानांना जाऊन तीन वर्षे झाली. स्वेटर डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवला होता. गेल्या कार्तिकात एका दुपारी पाहते तो आई ओसरीवर उन्हात बसून त्याची बगलेची शिवण कातरताहेत.

"अहो आई, हे काय करता?"

"थोरलीला स्वेटर करते."

"पण हा..."

"अगं, ट्रंकेत कुणाला थंडी वाजते?"

मी गप्प बसले. थोरलीला मात्र धागा ओढून उसवण्यात जो आनंद झाला तो तिला मेळ्यातल्या पाळण्यातही कधी झाला नसेल. एकेक ओळ फर्रकन जाई आणि नाना कमी कमी होत. जुन्या लोकरीची रीत नव्या बायकांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. उसवलेला धागा शेवयांसारखा वाकडा असतो. तसाच विणला तर टाके एकसारखे पडत नाहीत. त्याच्या खुर्चीच्या पाठीवर लड्या करायच्या, चार ठिकाणी सैल बांधायच्या, कोमट पाण्यात भिजवायच्या, आणि न पिळता, खाली लाटणे अडकवून दांडीवर वाळत घालायच्या. त्या भाराने वाक जातो. कोपरांचा झिजलेला धागा टाकून देऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर २८० ग्रॅम लोकर भरली. सहा वर्षांच्या मुलीला बेताची, पण पुरेशी.

छाती २४ इंच, वर दोन इंच सैलपणा, म्हणजे पाठीला तेरा इंच. चार पदरी लोकर, दहा नंबरच्या सलाया, इंचाला सात फंदे. ब्याण्णव घातले की हिशेब जमतो आणि दोन सुलट दोन उलट ह्या काठालाही चाराने भाग जातो. काठ बारा नंबरवर. (सुईचा नंबर वाढतो तशी ती बारीक होते; हे शिकवताना प्रत्येक मुलगी एकदा हसते.) पाठ, पुढा आणि दोन बाह्या मिळून तीस हजारांवर टाके होतात. हा हिशेब मी केला. आईंनी असला हिशेब कधी केला नाही, म्हणून तर त्यांच्या हातून एवढे झाले.

काठ सुरेख उतरला. चार बोटे पाठ झाली. मग एक दिवस मी सहज मोजले तर सत्त्याण्णव भरले, आणि मध्यावर करंगळी जाईल एवढे भोक.

हे भोक कशाने पडते ते मला चांगले ठाऊक आहे. अर्ध्या सुईवर काम टाकून उठावे लागले, आणि परत येऊन उजवीकडची सुई डाव्या हातात धरली, की जिथून आलो तिकडेच आपण विणू लागतो. मुलांच्या आईच्या हातून हे आठवड्यातून एकदा होते. पण आईंच्या हातून कधी झालेले मी पाहिले नव्हते. म्हणून मी काय करावे? धाकट्याला धपाटा घातला. "आजीच्या सलाया ओढल्यास ना?" तो रडला आणि म्हणाला, "मी नाही. आजी." दोन वर्षांचे मूल, त्याला खोटे बोलता येत नव्हते, आणि मला खरे ऐकता येत नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात अठ्ठ्याऐंशी झाले. त्यानंतर सुलटावर उलट पडलेली एक अख्खी ओळ. तेव्हा मला एकेक गोष्ट आठवू लागली. आमटीत दोनदा पडलेले मीठ, तुळशीपाशी दोनदा लावलेला दिवा, दुधाच्या हिशेबाची कोरी राहिलेली पाने.

त्यांना काही बोलायचा धीर मला झाला नाही. रात्री मुले निजली की मी टोपली घेऊन स्वयंपाकघरात बसे. जी ओळ बरोबर असेल तिच्या सगळ्या फंद्यांतून शिवणाचा पांढरा दोरा ओवून ठेवी. म्हणजे वरचे कितीही उसवले तरी दोऱ्यापाशी थांबते, खालचे सुटत नाही. मग आईंचे दिवसाचे काम उसवायचे आणि तितकेच पुन्हा विणायचे. माझा हात सैल, त्यांचा घट्ट. त्यांच्यासारखे दिसावे म्हणून मी धागा करंगळीला दोन वेढे देऊन ओढून धरी. सकाळी पोळ्या लाटताना बोट दुखे. शिवाय जुनी लोकर दर उसवणीला थोडा जीव टाकते. बोटांना लाल तूस लागे, धागा बारीक होई, दोनदा तुटलाही. आईंना वाईट वाटू नये म्हणून मी हे करते, अशी माझी समजूत होती. आज वाटते, मला स्वतःलाच ते पाहायचे नव्हते.

एका रात्री डोळे पेंगुळले होते; दोरा काढून घ्यायचा राहिला.

सकाळी आई ओसरीवर पाठ उन्हात धरून बसल्या होत्या. लालावर ती पांढरी रेघ लांबूनही दिसत होती. त्या काही बोलल्या नाहीत. विणकाम टोपलीत ठेवले आणि शेंगा सोलायला घेतल्या. ते दोन दिवस टोपली कोणी उघडली नाही. ह्यांनी विचारले, "काय झालं?" मी म्हटले, "काही नाही." घरात बोलणे सगळे होत होते, आणि काहीच होत नव्हते.

तिसऱ्या दिवशी मी धाकट्याला भरवीत असताना आईंनी माझ्याकडे न पाहता विचारले,

"किती झाले होते?"

"सत्त्याण्णव."

"आणि मग?"

"अठ्ठ्याऐंशी."

त्या थोडा वेळ थांबल्या. मग एकदम हसल्या. "ह्यांचंही असंच होतं. जन्मभर गाणं ऐकलं, पण टाळी कधी समेवर आली नाही." आणि नंतर, हसू सरल्यावर, "दोरा घालत जा. पण दिवसा घाल. माझ्यादेखत घाल. रात्री चोरासारखी बसू नकोस, डोळे जातील."

मला रडू आले. धाकट्याने तोंडातला घास माझ्या पदरावर काढून त्याची सांगता केली.

तेव्हापासून नवी व्यवस्था आहे. दर दहा सलायांना दोरा पडतो. आई फक्त सरळ भाग विणतात. बगल आणि गळा, जिथे फंदे कमी करायचे असतात, तो माझ्याकडे. मध्ये घालायची ठरलेली वेणी आम्ही सोडून दिली, कारण ती दर सहाव्या सलाईला वळवायची असते आणि सहावी कुठली ह्यावर रोज वाद होई. थोरली कालनिर्णयाच्या गेल्या वर्षीच्या पानामागे सलाईमागे एक रेघ मारते आणि संध्याकाळी फंदे मोजते. शाळेत तिला 'नाइन्टी टू' शिकवतात, गल्लीत 'बानवे' ऐकू येते. आजीपुढे मात्र ब्याण्णव म्हणावे लागते. एकोणनव्वदपाशी ती अजून अडखळते आणि थेट नव्वदवर उडी मारते, म्हणजे एक फंदा हरवतो. मग आजी आणि नात मिळून तो शोधतात. तो कधीच हरवलेला नसतो.

कधी कधी आईंचे काम अजूनही चुकते. मी त्यांच्यासमोर उसवते, त्या धागा गुंडाळतात. काही दिवस बरे जातात आणि सलग वीस सलाया बिनचूक होतात. त्या दिवशी त्या ह्यांना चहाबरोबर स्वेटर दाखवतात. पाठीवर जिथे हात बदलला आहे तिथे नीट पाहिले तर कळते: आईंची वीण दाट, माझी जरा पसरट. धुतल्यावर बसेल असे मी म्हणते. बसणार नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे.

संक्रांतीला अंगात घालायचा होता तो स्वेटर. धाकट्याचे बोरन्हाणही होऊन गेले. आज माघ लागला आहे, दुपारी उन्हात बसवत नाही, आणि उजव्या बाहीचे अजून मनगट व्हायचे आहे. इतक्यांदा उसवल्याने लोकर कमी पडली. ह्यांनी तुकडा खिशात घालून तीन दुकाने पालथी घातली. तो काळपट लाल आता कुठे मिळत नाही. आई म्हणतात, दोन्ही मनगटांना पांढरी पट्टी घाला, शोभेल. थोरलीला पांढरी नको, गुलाबी हवी. आज सकाळपासून दोघींचा ह्यावर अबोला आहे.