पुनःसंस्कारित चित्रपट आणि उच्चाराचा पुरावा

के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’ ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात प्रदर्शित झाला. त्यातील बहुतांश भाग कृष्णधवल होता. २००४ साली तो संपूर्ण रंगीत करण्यात आला व ध्वनीही सहा वाहिन्यांत नव्याने बांधण्यात आला. रंगांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. भाषाभ्यासकाला मात्र ध्वनीचे महत्त्व अधिक.

जुन्या ध्वनिपट्टीवरील खरखर काढताना उच्च कंप्रतेचा भाग क्षीण होतो, आणि घर्षक व्यंजनांची ओळख बव्हंशी तेथेच असते. उर्दूतील ‘ज’ आणि ‘ज़’ हा भेद, किंवा मराठीत ‘जन्म’ आणि ‘जड’ यांच्या आद्य व्यंजनांतील भेद, अशा सफाईने पुसट होऊ शकतो. दुसऱ्या एका गोष्टीकडे तर सहसा कोणाचे लक्षच जात नाही. चित्रपट सेकंदास २४ चौकटींनी चित्रित होतो. पाल पद्धतीच्या व्हिडिओवर तो पुष्कळदा २५ चौकटींनी चालविला जातो. म्हणजे १९७ मिनिटांचा चित्रपट सुमारे ८ मिनिटे आधी संपतो, स्वर ४ टक्क्यांनी आखूड होतात आणि, दुरुस्ती केली नसल्यास, आवाजही चढतो. अशा तबकडीवरून स्वरांची दीर्घता मोजणे व्यर्थ होय.

अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या राजवाडी होळीत भिली बोलीचे मुद्रण ढोलांच्या गजरातच करावे लागते, आणि परतल्यावर ते ‘स्वच्छ’ करण्याचा मोह आवरत नाही. स्वच्छ प्रत खुशाल ऐकावी. पृथक्करण मात्र मूळ मुद्रणाचेच करावे. प्रस्तुत लेखकाकडून एकदा अशी मूळ प्रत पुसली गेली. तीतील काही घर्षके वक्त्याची की सफाईची, हे आता ठरविता येत नाही.