नखांवर सॅटिनची झाक

मैत्रिणींनो, गडमुडशिंगीसारख्या गावात राहून नखं रंगवायची हौस करावी का? जरूर करावी! भाकरी थापणाऱ्या हातांनाही थोडं कौतुक हवंच. टाटांनी १९५२ साली ‘लॅक्मे’ सुरू केली आणि ही हौस परदेशी बाटल्यांवर अडून राहिली नाही.

सॅटिन नेलपॉलिश म्हणजे ना आरशासारखी चकाकी, ना अगदी कोरडा रंग. रेशमी साडीसारखी मंद झाक. मी तीन रंग लावून पाहिले. फिका गुलाबी शाळेत शिकवतानाही शोभतो. मोतिया सुरेख, पण स्वयंपाकातल्या हळदीने पिवळट पडतो. डाळिंबी सणावाराला खुलतो. मात्र गडद रंग नखांवर डाग ठेवतो, म्हणून आधी बिनरंगी थर द्यावा. वरून चकाकीचा थर नको, सॅटिनची झाकच जाते. टवके उडू लागले की कणकेत पडण्याआधी पुसून टाका.

एक मात्र विसरू नका! ओलं नेलपॉलिश आणि ते पुसायचं अ‍ॅसिटोन, दोन्ही चटकन पेट घेतात. गॅस, निरांजन, उदबत्ती जवळ नको. तेव्हा रात्रीची झाकपाक उरकली, गॅस बंद केला, की खिडकी उघडून बसा. तो अर्धा तास तुमचा!