मळ्या, कोळस आणि चिलापी

पावसाळा सरल्यावर ताम्हिणीकडच्या एखाद्या ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहावं आणि पायाशी असलेला दगड हळूच हलवावा. बोटभर लांबीचा, शेवाळी रंगाचा मासा सुटतो आणि पुढच्या दगडाला चिकटून बसतो. हा मळ्या. तोंडाखालच्या चकतीने तो दगडाला धरून राहतो, म्हणून धो धो पाण्यातही वाहून जात नाही.

शास्त्रात याचं नाव ‘गारा मुल्या’. यातला ‘मुल्या’ म्हणजे आपला मळ्याच. ही करामत कर्नल विल्यम सायक्सची. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून हा गृहस्थ १८२४ पासून दख्खनभर हिंडला. माणसं, पिकं, बाजारभाव मोजता मोजता त्याने मासेही गोळा केले आणि १८३९ मध्ये त्यांची वर्णनं छापली. नवी लॅटिन नावं घडवण्याऐवजी अनेकदा त्याने लोकांच्या तोंडचीच नावं उचलली: कोळस, बोगट, खुद्री. रोहटीची तर त्याने अख्खी प्रजातीच केली. खुद्री म्हणजे दख्खनचा महासीर. तो सायक्सला मिळाला पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर, मुळा-मुठेत. आज त्या पाण्याकडे पाहताना हे वाक्य दोनदा वाचावं लागतं.

नदी म्हणजे माशांच्या दृष्टीने एकच घर नव्हे. माथ्याच्या गार, खळाळत्या पाण्यात मळ्या आणि मुरे. खाली खोल डोहांत कोळस, महासीर. भीमेच्या संथ पात्रात शिवडा, मरळ. पहिल्या पावसात यातले कितीतरी मासे अंडी घालायला उलट वर चढत. हाच चढणीचा मासा. खडकवासल्याची भिंत १८७९ मध्ये पूर्ण झाली, मग मुळशी, पानशेत, वरसगाव. चढणीची वाट बंद झाली आणि वाहत्या पाण्याचं तळं झालं. त्याच्या खाली शहराचं सांडपाणी. आधी वाट गेली आणि मग श्वास.

तळ्यात मात्र पाहुण्यांची चंगळ झाली. कटला, रोहू, मृगळ गंगेच्या खोऱ्यातून आणले. आफ्रिकेची तिलापिया १९५२ मध्ये भारतात आली. मादी पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे तिची वीण सहसा वाया जात नाही. भीमेवरच्या उजनी धरणाकाठी ती ‘चिलापी’ झाली. भिगवणच्या बाजारात तिचे ढीग लागतात, आणि तिच्यावर कितीतरी घरं चालतात. तिला शिव्या देणं पुण्यात बसून सोपं आहे.

देशी मासा पाण्यात सोडला म्हणजे पुण्यच, असंही नाही. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाशेजारी खुद्रीची पैदास यशस्वी झाली आणि तिची पिल्लं दूरदूर गेली, थेट कावेरीतही. तिथे ती इतकी फोफावली की कावेरीचा स्वतःचा कुबडा महासीर मागे हटला. त्या बिचाऱ्याचं शास्त्रीय नावसुद्धा २०१८ मध्ये निश्चित झालं, आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

सायक्सला नावं सांगणाऱ्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. भिगवणला गेलात तर चिलापी जरूर खा. पण टोपलीच्या तळाशी एखादा वेगळा मासा दिसला, तर विकणाऱ्या म्हाताऱ्या मावशींना त्याचं नाव विचारा, आणि लिहून ठेवा.