डोळ्यांदेखत घडलेलेही चुकीचे का आठवते?

‘मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे,’ असे कोणी म्हटले की वाद बहुधा तेथेच संपतो. स्मृती म्हणजे मेंदूत जपून ठेवलेले चित्रीकरण, ही समजूत त्यामागे असते. मानसशास्त्राने ती केव्हाच मोडीत काढली आहे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या चित्रफिती दाखवल्या. गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा त्यांचा वेग किती होता, असे काहींना विचारले. इतरांना तोच प्रश्न चक्काचूर सुचवणारे क्रियापद वापरून विचारला. पहिल्या गटाचा सरासरी अंदाज ताशी ३४ मैल होता, दुसऱ्याचा सुमारे ४१ मैल. फरक फक्त एका शब्दाचा! पुढच्या प्रयोगात आठवड्यानंतर ‘काच फुटलेली दिसली का?’ असे विचारण्यात आले. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. तरीही तीव्र शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी होकार दिला, सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी.

हे विद्यार्थी खोटे बोलत नव्हते. एखाद्या प्रसंगाचे रंग, आवाज, भावना मेंदूच्या निरनिराळ्या भागांत नोंदले जातात आणि हिप्पोकॅम्पस हा भाग त्यांचे धागे जुळवतो. आठवणे म्हणजे हे तुकडे दरवेळी नव्याने जोडणे. मधली रिकामी जागा अंदाजाने किंवा नंतर ऐकलेल्या माहितीने भरली जाते, आणि ही भर आपल्या लक्षातही येत नाही.

आठवणीविषयीची खात्रीही फसवी असते. ‘चॅलेंजर’ अंतराळयान २८ जानेवारी १९८६ रोजी कोसळले. ही बातमी कोठे व कशी कळली, हे उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांपैकी ४४ जणांना पुन्हा विचारले, तेव्हा अनेकांच्या हकिगती पार बदललेल्या होत्या; मात्र त्या सांगताना आत्मविश्वास भरपूर होता. स्वतःच्या हस्ताक्षरातील कागद दाखवूनही मूळ आठवण परतली नाही.

शब्दांचा हा प्रभाव कायद्याने प्रयोगशाळेच्या पुष्कळ आधी ओळखला होता. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने सरतपासणीत सूचक प्रश्नांवर निर्बंध घातला आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कायम आहे. पण हा निर्बंध न्यायालयातला. साक्षीदार तेथे उभा राहीपर्यंत अनेकदा काही वर्षे उलटलेली असतात. घटनास्थळी जमलेल्या गर्दीची चर्चा, तपासातील प्रश्न, दूरचित्रवाणीवरील दृश्ये असे सारे तोवर त्याच्या आठवणीत मिसळलेले असते. म्हणूनच घटनेनंतर लगेच, साक्षीदार इतरांशी बोलण्याआधी, ‘काय पाहिले ते सांगा’ एवढेच विचारून नोंदवलेला जबाब अधिक मोलाचा ठरतो.