कागदावरचा संत्र्याचा बगीचा पडद्यावर कसा रंगवावा

सौंसर तालुक्यात चित्राला विषय शोधत हिंडावे लागत नाही. 2023 मध्ये छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्याचा हा भाग. नागपूर-छिंदवाडा रस्ता सोडून आत शिरले, की संत्र्याचे बगीचे लागतात. काळी जमीन, फळांच्या भाराने वाकलेल्या फांद्या, त्यांना दिलेले बांबूचे टेकू आणि बोर्डोपेस्ट लावून निळसर-पांढरे केलेले बुंधे. असा एक बगीचा आपण पेन्सिलीने कागदावर काढला आहे असे धरू आणि तो पडद्यावर रंगवू.

यासाठी फार खर्च नको. ‘क्रिता’ हे चित्रकलेचे सॉफ्टवेअर मोफत आहे. मोबाइलवर काम करणारे पुष्कळ जण ‘आयबिस पेंट’ वापरतात. संगणकाला पेन टॅबलेट, म्हणजे खास पेनाने रेघोट्या ओढायची पाटी, जोडता आली तर उत्तम. हाताचा दाब त्या पेनाला कळतो. जोर दिला की रेघ जाड, हलका हात ठेवला की बारीक. माऊसला हे कळत नाही, म्हणून माऊसने ओढलेली रेघ ताठर दिसते.

बगीच्यातून उठण्याआधी एक काम करावे. कागदाच्या कडेला ऊन कुठून येत होते त्याचा बाण काढून ठेवावा आणि वेळही लिहावी. घरी येऊन रंगवताना हमखास विसरते ते हेच. मग एका झाडाची सावली डावीकडे पडते आणि दुसऱ्याची उजवीकडे.

आता कागद संगणकात घ्यायचा. स्कॅनर असेल तर 300 डीपीआयवर स्कॅन करावे. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपले जातात तो आकडा. ए-4 कागद 300 वर स्कॅन केला तर 2480 बाय 3508 ठिपक्यांचे चित्र मिळते, तेवढ्याच आकारात छापायला ते पुरते. दुप्पट मोठे छापायचे असेल तर 600 ठेवावे.

स्कॅनर नसेल तर मोबाइलने फोटो काढावा. पण भर उन्हात नको आणि रात्री बल्बखालीही नको. दिवसा ओसरीत, सावलीतल्या पसरट उजेडात कागद सपाट ठेवावा. मोबाइल कागदाला अगदी समांतर धरावा आणि थोडे लांबून, झूम करून फोटो घ्यावा. फार जवळून काढला तर कडा फाकतात. आपली सावली कागदावर पडत नाही ना, तेवढे बघावे.

फोटोत पांढरा कागद मळकट दिसतोच. तो ‘लेव्हल्स’ने साफ होतो. क्रितात कंट्रोल आणि एल ही बटणे एकत्र दाबली, की एक आलेख उघडतो आणि त्याखाली तीन छोटे त्रिकोण दिसतात. उजवीकडचा पांढरा त्रिकोण हळूहळू डावीकडे सरकवला की कागद उजळतो, डावीकडचा काळा उजवीकडे नेला की पेन्सिल गडद होते. कागद अगदी दुधासारखा होईपर्यंत ओढत राहू नये. लांबच्या टेकड्यांच्या फिकट रेघा त्यात पुसल्या जातात.

यानंतर ‘लेअर’ समजून घेऊ, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर. एका थरावर काही केले तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. कल्पना जुनीच आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे एका चित्रासाठी अनेक दगड वापरत, प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. कागदावर एकावर एक ठसे उमटत गेले की चित्र पुरे होई.

आपल्या पेन्सिलचित्राचा लेअर सर्वांत वर ठेवावा, त्याची पद्धत ‘मल्टिप्लाय’ करावी आणि त्याला कुलूप लावावे. मल्टिप्लायमुळे कागदाचा पांढरेपणा नाहीसा होतो, नुसत्या रेघा उरतात आणि खालचे रंग दिसतात. या टप्प्यावर एक चूक नेहमी होते. लेअर न बदलताच माणूस रंगवायला लागतो आणि तासाभराने कळते, की सगळे भलत्याच थरावर गेले. म्हणून प्रत्येक लेअरला नाव द्यावे: आकाश, टेकड्या, जमीन, बुंधे, पाने, फळे.

रेघा पुन्हा नव्याने गिरवाव्यात का? गोष्टीच्या पुस्तकासारखे रेखीव चित्र हवे असेल तर जरूर. पण रंगचित्रच करायचे असेल तर गिरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गिरवताना आपण चित्र खूप मोठे करून प्रत्येक रेघ जपून ओढतो आणि पेन्सिलीतला मोकळेपणा निघून जातो.

मग सपाट रंग भरावेत. ऊन-सावलीचा विचार अजून नाही. प्रत्येक वस्तूला तिचा एक मधला रंग. बादलीच्या साधनाने भरताना रेघेत कुठे फट असली तर रंग सगळ्या कागदावर सांडतो. ती फट बुजवून घ्यावी. रेघेलगत पांढरी कड राहत असेल तर त्याच साधनाच्या मांडणीत भरण एक-दोन पिक्सेल वाढवावे. पाने एकेक करून रंगवू नयेत. झाडाचा घेर हा एकच आकार समजावा.

आता ऊन आणि सावली. चित्र बिघडते ते बहुधा इथे, आणि त्यात रंगांचा दोष थोडाच असतो; बिघडते ते उजेडाचे माप. ते तपासायला सर्वांत वर एक लेअर काळ्याने भरावा आणि त्याची पद्धत ‘कलर’ ठेवावी. चित्र लगेच कृष्णधवल दिसते. पाहून झाले, की तो लेअर बंद करावा.

या कृष्णधवल चित्रात सगळी संत्री सारखीच उजळ दिसत असतील तर ती झाडावर चिकटवल्यासारखी वाटणार. उन्हातले फळ पानांपेक्षा बरेच उजळ असते; आतल्या सावलीतले फळ मात्र विटकरी, तपकिरीकडे झुकणारे आणि जवळपास पानाइतकेच गडद. शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोडणीला येणाऱ्या आंबिया बहाराच्या फळावर देठाजवळ हिरवट झाक राहते. एकच केशरी रंग सगळीकडे वापरला तर बगीचा ओळखू येत नाही.

बुंध्यांचेही तेच. बोर्डोपेस्ट पांढरी म्हणून आपण शुद्ध पांढरा रंग उचलतो. पण तो बुंधा झाडाच्या दाट सावलीत उभा आहे. उन्हातली वाळलेली काळी मातीसुद्धा त्याच्यापेक्षा उजळ दिसू शकते. आधी राखाडी-निळा लावावा आणि पानांतून ऊन पडले असेल तेवढ्याच ठिपक्यांना पांढऱ्याजवळ न्यावे.

सावलीसाठी वेगळा मल्टिप्लाय लेअर घ्यावा आणि रंग काळा न घेता निळसर-जांभळा घ्यावा. रंग वस्तूच्या बाहेर जाऊ नये म्हणून ‘क्लिपिंग’ असते. त्यामुळे खालच्या लेअरवर जिथे रंग आहे तिथेच नवा रंग उमटतो. क्रितात यासाठी दोन्ही लेअर एका गटात ठेवून वरच्या लेअरचे अल्फाचे चिन्ह चालू करावे.

बारकावे शेवटी, आणि तेही मोजकेच. समोरच्या दोन-तीन फळांच्या सालीवरच बारीक खड्डे दाखवावेत. त्या खडबडीमुळे संत्र्यावरची चमक तुटक दिसते. एकच गोल पांढरा ठिपका दिला की फळ प्लॅस्टिकचे वाटते. मधून मधून क्रितात एम दाबून चित्र आरशातल्यासारखे उलटे पाहावे. कललेले झाड चटकन नजरेत येते.

छापायचे असेल तर एक अडचण आधीच माहीत असावी. पडदा लाल, हिरव्या, निळ्या उजेडातून रंग दाखवतो. छपाई तेच काम चार शाईंतून करते. झगझगीत केशरी त्या शाईंत पुरता उतरत नाही, मंद पडतो. क्रितात कंट्रोल आणि वाय दाबले की छपाईत रंग कसे येतील त्याचा अंदाज मिळतो. केशरी आणखी भडक करून उपयोग नाही. त्याच्या शेजारची हिरवी-निळी सावली गडद करावी, म्हणजे फळ उठून दिसते. मोठी प्रत काढण्याआधी छोटा तुकडा छापून पाहावा.

वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून काम करताना वरचेवर जतन करत राहावे आणि प्रत्येक टप्प्याची फाइल वेगळ्या क्रमांकाने ठेवावी. लोकांना दाखवायला पीएनजी काढावी. व्हॉट्सअ‍ॅपवर ती फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर बारकावे जातात. लेअर असलेली मूळ फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवावी. जेपीजी झालेल्या चित्रातून लेअर पुन्हा सुटे करता येत नाहीत.